मावशीची फाईल

घरात तिला सगळे एक्स्प्रेस म्हणत. नाव मावशीनं ठेवलेलं. बोलायला लागल्या दिवसापासून ही पोरगी दुसऱ्याचं वाक्य त्याच्याआधी संपवायची. बाबा "आज मला जरा..." म्हणाले, की ही "उशीर होईल" म्हणून मोकळी. शाळेत बाईंचा प्रश्न अर्धा फळ्यावर असायचा आणि हिचा हात वर. उत्तर बहुतेक वेळा बरोबर निघायचं, आणि खरी अडचण तीच होती. चार वेळा तोंडघशी पडली असती, तर सवय मोडली तरी असती.

पदवी हातात पडली तशी तिनं पहिली नोकरी धरली ती फोनवरून क्रेडिट कार्डं विकायची. तिथे समोरची माणसं हिचं वाक्य पुरं व्हायच्या आत फोन आपटत. आपल्याहून घाईचं कुणीतरी भेटलं म्हणून आधी तिला गंमत वाटली, मग वाटेनाशी झाली. पण कार्ड नको म्हणणारी माणसंच फोन ठेवता ठेवता विचारायची, "ताई, एक सांगा, मुदत ठेव मध्येच मोडली तर व्याज बुडतं का हो?" अशा प्रश्नांची उत्तरं द्यायला तिला मनापासून आवडायचं. ते तिचं काम नव्हतं, त्यावरून ती बोलणीही खायची. शेवटी तिनं ठरवलं, की ज्याबद्दल बोलणी बसतात त्याचेच पैसे मिळतील अशी जागा शोधायची. इस्त्रीच्या टेबलावर पुस्तकं मांडून तिनं गुंतवणूक सल्लागाराच्या दोन्ही परीक्षा दिल्या आणि दोन्ही पहिल्या फटक्यात काढल्या. त्या दिवसांत घरात कुणाच्या कपड्यांना इस्त्री झाली नाही.

नवी कंपनी चपलांच्या दुकानाच्या वर चौथ्या मजल्यावर होती. काम असं, की लोकांनी साठवलेला पैसा कुठे, किती आणि किती दिवस ठेवावा हे त्यांना सांगायचं. गालिचा इतका जाड, की खुर्चीची चाकं त्यात रुतून बसत आणि दोन टेबलांमधलं अंतर कापायला माणसाला खुर्चीसकट उड्या माराव्या लागत. कॉफीचं मशीन कॉफीपेक्षा आवाज जास्त द्यायचं. पण खिडकीजवळ ओळीनं सल्लागारांची टेबलं होती, प्रत्येकावर काचेची छोटी पाटी, पाटीवर नाव. एक्स्प्रेसचा जीव त्या पाटीत अडकला होता.

पाटी मिळायची ती उमेदवारी संपवून कायम झालेल्यांना. तोवर अर्धा पगार आणि झेरॉक्स मशीनशेजारचं टेबल. कायम व्हायचं तर उमेदवारीच्या वर्षात स्वतः आणलेल्या एका तरी ग्राहकाची फाईल पहिल्या प्रश्नापासून शेवटच्या सहीपर्यंत पास करून दाखवायची. फाईल नापास झाली तर उमेदवारी एकदाच वाढायची. दुसऱ्यांदा नापास झाली, की नमस्कार. हे सगळं बघणाऱ्या मोठ्या मॅडमना ऑफिसात चाळणी म्हणत, कारण त्यांच्या हातून खडा म्हणून खाली जात नसे.

वर्ष संपत आलं आणि एक्स्प्रेसची फाईल काही होईना. अनोळखी माणसं तिच्याशी छान बोलत, चहा पीत, आणि "घरी विचारून सांगतो" म्हणून जी जात ती जातच. रात्री जेवताना बाबा हळूच विचारायचे, "मग, पाटी?" आणि आई त्यांच्याकडे डोळे वटारायची.

आणि तेवढ्यात मावशीचं दुकान गेलं. म्हणजे गाळा सोडावा लागला. मावशी आईची धाकटी बहीण. लग्न केलं नाही. एकोणिसाव्या वर्षी भाड्याच्या गाळ्यात शिवणयंत्र टाकलं आणि तिथेच वयाची साठी गाठत आणली. आता मालकाला त्या जागी हॉटेल काढायचं होतं. गाळा सोडण्याबद्दल त्यानं मावशीला घसघशीत रक्कम दिली.

आईनं हे ऐकलं आणि लेकीकडे बघितलं. लेकीनं आईकडे बघितलं. बाबांनी पेपर वर धरला, पण मागे हसत होते ते दिसत होतं.

"मी काही म्हटलंय का?" आई म्हणाली.

"म्हणायला कशाला हवं?" एक्स्प्रेस म्हणाली आणि मावशीला रविवारी चहाला बोलावून टाकलं.

आता कंपनीची पद्धत अशी, की पैशाला हात लावण्याआधी ग्राहकाला भलीमोठी प्रश्नावली विचारायची. तुमच्यावर कोण अवलंबून आहे, पैसा कधी लागणार, बाजार पडला तर तुम्ही काय कराल, असले प्रश्न. एक एक प्रश्न वाचायचा, उत्तर ऐकायचं, मग टॅबवर खूण करायची. प्रशिक्षणात चाळणीबाईंनी हे इतक्या वेळा सांगितलं होतं, की उमेदवार झोपेत म्हणून दाखवतील.

पण ही मावशी. जिला एक्स्प्रेस जन्मापासून ओळखते. दाराला कुलूप लावलं की तीनदा ओढून बघणारी, लिफ्टमध्ये पाय न ठेवणारी, लख्ख उन्हात छत्री बाळगणारी. तिला काय विचारायचं? चहा उकळेपर्यंत एक्स्प्रेसनं टॅबवर खटाखट खुणा केल्या. बाजार पडला तर? सगळं ताबडतोब काढून घेईन. कशासाठी गुंतवताय? म्हातारपणाची सोय. पैसा कधी लागेल? दहा-पंधरा वर्षांनी. मावशी समोरच बसून आईला हॉटेलवाल्या मालकाची नक्कल करून दाखवत होती. मध्येच एक्स्प्रेसनं टॅब पुढे केला.

"मावशी, इथे सही. बोटानंच कर."

"वाचू का?"

"अगं, सगळं तुझंच आहे त्यात. तुला काय मी ओळखत नाही?"

मावशीनं भाचीकडे क्षणभर बघितलं, बोटानं सही केली आणि पुन्हा मालकाची नक्कल करायला वळली. एक्स्प्रेसचे पाय जमिनीवर ठरेनात. पाटीवर नाव कुठल्या अक्षरांत हवं, इथवर तिचा विचार पोचला होता.

नातेवाइकाची फाईल आणली, की कंपनीत एक जादा पायरी असायची. खातरजमेचा फोन. तो करायचे ऑफिसातले सगळ्यात जुने गृहस्थ. दिवसभर हेडफोन लावून लोकांची बोलणी ऐकणं हेच त्यांचं काम, म्हणून त्यांना सगळे कानसेन म्हणत. ते ग्राहकाला तेच प्रश्न पुन्हा विचारणार, फोन स्पीकरवर, बोलणं रेकॉर्ड होणार. आणि उमेदवारानं शेजारी बसून ऐकायचं, पण अवाक्षर काढायचं नाही. काढलं तर तेही रेकॉर्ड होणार.

कानसेनांची खोली जेमतेम तिघांपुरती होती. चाळणीबाई भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. एक्स्प्रेसनं मिठाची गुळणी धरल्यासारखं तोंड घट्ट मिटलं.

"नमस्कार बाई. बाजार पडून तुमची गुंतवणूक एक तृतीयांशानं खाली आली, तर तुम्ही काय कराल?" कानसेनांचा आवाज रेल्वेच्या घोषणेसारखा सपाट होता.

"माझी एकटीचीच खाली आली, का सगळ्यांची?" मावशीनं विचारलं.

"सगळ्यांची."

"मग गप्प बसेन. आणि लोक घाबरून विकायला लागले, की थोडी अजून घेईन."

कानसेनांनी पडद्याकडे बघितलं, मग एक्स्प्रेसकडे.

"नक्की ना बाई?"

"अहो, तयार कपड्यांची दुकानं निघाली तेव्हा आमच्या गल्लीतले सगळे शिंपी मशिनी विकून मोकळे झाले. मातीमोल भावानं. मी त्यातल्या दोन घेतल्या. लोक तयार कपडे घेतील, पण ते कुणाच्या अंगाला नीट बसणार आहेत? ते आत-बाहेर करायला माणूस लागणारच. त्या दोन मशिनींवर मी घर घेतलंय."

त्या दोन मशिनी एक्स्प्रेसनं लहानपणापासून बघितल्या होत्या, त्यांच्या खाली लपून खेळली होती. त्या कुठून आल्या, हे तिनं कधी विचारलंच नव्हतं.

"गुंतवणूक कशासाठी करायची आहे?"

"नवीन दुकानासाठी. कोपऱ्यावरचं बघतेय. काचेची दारं असलेलं."

"म्हातारपणाची सोय नाही?"

"ते अजून यायचंय," मावशी म्हणाली. "आलं की बघू."

चाळणीबाई खोकल्या. ते हसू होतं की काय, हे बघायची एक्स्प्रेसला हिंमत झाली नाही. पैसा कधी लागेल, या प्रश्नावर मावशी म्हणाली, की जागा मिळाली की लगेच, वर्षाच्या आतच. फाईलमध्ये दहा-पंधरा वर्षं होती. म्हणजे मावशीचा सगळा पैसा अशा ठिकाणी अडकणार होता, की दुकानाची जागा समोर आली असती आणि मावशी हात चोळत बसली असती. हे कळल्यावर एक्स्प्रेसला स्वतःची इतकी लाज वाटली, की पाटीबिटी सगळं ती विसरली.

कानसेनांनी गळ्यातला हेडफोन नीट केला. आता शेवटचा प्रश्न होता, आणि फाईलचं काय होणार ते त्याच्यावर होतं. उत्तरं जुळली नाहीत, तर दोनच रकाने असत. ग्राहकाचा विचार बदलला, किंवा ग्राहकाला विचारलंच नव्हतं. पहिल्याला खूण केली तर उत्तरं दुरुस्त होऊन फाईल पास. दुसऱ्याला केली तर नापास.

"बाई, हे प्रश्न तुमच्या सल्लागारानं तुम्हाला विचारले होते का?"

मावशीला रकाने माहीत नव्हते, पण माणसं माहीत होती. आयुष्यभर लोकांची मापं घेतलेली बाई ती.

"विचारले होते ना," मावशी म्हणाली. "एक एक करून विचारले. मीच तेव्हा काहीतरी वेगळं सांगितलं असणार. आमच्या वयात विचार बदलतात हो. पोरगी फार..."

"नाही विचारले," एक्स्प्रेस म्हणाली.

तोंड मिटून बसणं तिला जन्मात जमलं नव्हतं, आणि याही वेळी जमलं नाही. कानसेनांनी डोळे मोठे केले. भिंतीपाशी चाळणीबाई हलल्या.

"एकही विचारला नाही. चहा उकळेपर्यंत मीच सगळं भरलं. मावशी, तू उगाच माझ्यासाठी खोटं बोलू नकोस."

"अगं गाढवे," फोनमधून मावशी म्हणाली, आणि तेही रेकॉर्ड झालं.

फाईल नापास झाली. उमेदवारी वाढली, अर्धा पगार वाढीव मुदतीतही अर्धाच राहिला, आणि झेरॉक्स मशीन जिथे होतं तिथेच राहिलं. चाळणीबाई रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "परकं माणूस असतं तर तुम्ही विचारलं असतंत." एवढं बोलून त्या गेल्या, आणि एक्स्प्रेसला वाटलं, त्यापेक्षा चार शिव्या दिल्या असत्या तर बरं.

शनिवारी ती मावशीच्या दुकानात गेली. गाळा निम्मा रिकामा झाला होता, भिंतीवर कपाटांच्या जागी फिकट चौकोन उरले होते. कोपऱ्यात काजं-बटणं करणारी बाई खाली मान घालून शेवटच्या कपड्यांना बटणं टाकत होती. मशिनी आल्या तेव्हापासून ती मावशीकडे कामाला होती. कमी बोलायची, आणि घरातल्या कुणी तिच्याशी कधी फार बोललंही नव्हतं. मावशीनं तिला चहा सांगायला पाठवलं आणि स्टूल पुढे सरकवलं.

"हं. विचार. पण परक्या बाईला विचारतेस तसं विचार."

एक्स्प्रेसनं टॅब काढला. पहिलाच प्रश्न वाचताना "तुमच्यावर" म्हणताना तिची जीभ अडखळली. मावशीला आयुष्यात तिनं कधी अहो-जाहो केलं नव्हतं. मावशीनं मात्र पदर सारखा केला आणि गिऱ्हाईक बसतं तशी ताठ बसली. एकेका उत्तराला मावशी वेळ घ्यायची. तोंडापर्यंत आलेला शब्द एक्स्प्रेसला गिळावा लागायचा, आणि गिळला की पुढे भलतंच काहीतरी निघायचं. कुलूप तीनदा का ओढते? तर सुरुवातीच्या वर्षात एकदा गिऱ्हाइकाचे कपडे चोरीला गेले होते, ते सगळे तिनं पुन्हा शिवून दिले होते. लिफ्टचं काय? लिफ्टमध्ये तिला फक्त मळमळतं. छत्रीचं विचारायचं एक्स्प्रेसनं टाळलं, आणखी लाज नको होती.

सगळं ऐकून झाल्यावर तिनं नीट हिशोब मांडला आणि सांगितलं, की दुकानाचा पैसा बाजारात घालूच नये, साध्या ठेवीत ठेवावा, हवा तेव्हा काढता येईल. बाजारात घालायचा तो वरचा थोडासा, विसरून जाता येईल इतका. फाईल अगदी किरकोळ झाली. मावशी म्हणाली, "हे बरोबर वाटतंय." ते ऐकून एक्स्प्रेसला परीक्षा पास झाल्यापेक्षा जास्त बरं वाटलं.

"शेवटचं," ती म्हणाली. "तुमच्या पश्चात हे पैसे कुणाला मिळावेत?"

हे विचारतानाच तिच्या हातानं आईचं नाव लिहायला सुरुवात केली होती. रविवारी तेच तर लिहिलं होतं. मावशीला एकच बहीण. दुसरं कोण असणार? तिनं बोट आवरलं आणि वर बघितलं.

मावशी दाराकडे बघत होती. काजं-बटणंवाली दोन्ही हातांत कप धरून, सांडू नये म्हणून एकेक पाऊल टाकत रस्ता ओलांडत होती.

"तिला," मावशी म्हणाली. "तिचं नाव लिही. तुझ्या आईचं बरं चाललंय. हिचं माझ्याशिवाय कुणी नाही, आणि तसं बघितलं तर माझंही."

एक्स्प्रेसला बोचलं. चांगलंच बोचलं. आम्ही कोण मग, असं अगदी ओठांवर आलं. दर रविवारी चहाला येणारी मावशी, हिला पहिला फ्रॉक शिवणारी मावशी. पण मावशीनं तिला परकं व्हायला सांगितलं होतं, आणि परक्या माणसाला हा प्रश्न विचारायचा हक्क नव्हता. तिनं त्या बाईचं पूर्ण नाव विचारलं. इतक्या वर्षांत ते तिला माहीत नव्हतं. मावशीनं सांगितलं तसं तिनं ते लिहिलं आणि टॅब वाचायला दिला. मावशीनं शेवटपर्यंत वाचला, मग सही केली.

पुढच्या आठवड्यात कानसेनांनी पुन्हा फोन केला. एक्स्प्रेस शेजारी बसली. सगळी उत्तरं जुळली, शेवटचंसुद्धा. फाईल पास झाली. वाढीव मुदत मात्र पुरी करावीच लागणार होती, त्यात चाळणीबाईंनी एक दिवस सूट दिली नाही. तरी जाता जाता त्या झेरॉक्स मशीनपाशी थांबल्या आणि पाटीसाठी नावाचं स्पेलिंग विचारून गेल्या.

ती घरी आली तेव्हा आई ओट्यापाशी कांदा चिरत होती. बाबा ड्यूटीवर होते.

"झाली का पास?"

"झाली."

"सुटलीस बाई!" आईचा जीव भांड्यात पडला. तिनं आणखी एक कांदा घेतला, तो सोलता सोलता म्हणाली, "बरं, वारस म्हणून माझंच नाव घातलं असेल ना तिनं? म्हणजे मला काही नको तिचं. पण नाव असावं गं. एकुलती एक बहीण आहे."

एक्स्प्रेसनं पाण्याचा पेला भरला आणि सगळा प्यायली.

"आई, ते सांगता येत नाही."

"म्हणजे?"

"ग्राहकाची माहिती असते ती. बाहेर बोलायची नसते."

"बाहेर?" आई वळली. "मी बाहेरची? मी तुझी आई आहे!"

"ऑफिसात नाहीस."

आपण हे काय बोललो, असं तिला लगेच वाटलं. पण शब्द मागे घ्यावासा वाटला नाही. आई तिच्याकडे बघत राहिली. हातातली सुरी तशीच.

"माझं असतं," आई सावकाश म्हणाली, "तर तू दारातूनच ओरडत आली असतीस."

एक्स्प्रेसनं ताकास तूर लागू दिली नाही. हो नाही, की नाही नाही. चेहरासुद्धा हलू दिला नाही, आणि ते तिला फार जड गेलं. आईनं सुरी खाली ठेवली, गॅस बंद केला. आता आई रडणार, असं एक्स्प्रेसला वाटलं. मग वाटलं, नाही, मावशीला फोन लावणार. मग तिनं ठरवणं सोडून दिलं.

"आई," तिनं विचारलं, "तुला काय वाटतंय?"

आणि ती गप्प बसली.

आईला हा प्रश्न नवा होता. तिनं हात पदराला पुसले, खिडकीबाहेर बघितलं, पुन्हा लेकीकडे बघितलं. लेक काहीच बोलत नाही, हे खरं वाटायला तिला थोडा वेळ लागला.

"राग आलाय मला," आई म्हणाली आणि खुर्ची ओढून तिच्यासमोर बसली. "तिचा नाही. कुणाचा ते सांगते. पण मध्ये बोलू नकोस."